टाचलेलं कडं

डुलूथ,
१६ जानेवारी १९९४

चि. आर्वो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. रागावलेल्या बहिणीचे असले तरी आशीर्वादच आहेत, तेव्हा मुकाट्याने घे.

फोन न करता लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी तू फोन आपटलास आणि त्याआधी जे काही बोललास ते ओरडून बोललास. बर्फ काढायच्या गाडीवर वीस वर्षं बसून तुला वाटतं की सगळं जग इंजिनाच्या पलीकडे उभं आहे. पत्रात निदान माझं वाक्य तरी पुरं होईल.

मुद्द्याचं सांगते. आई गेल्यावर तिच्या घरातल्या वस्तू वाटून घेताना आपण रीतीप्रमाणे चिकटवायच्या कागदी टिकल्या लावल्या, माझ्या पिवळ्या, तुझ्या निळ्या. जिथे टिकली लागली ती वस्तू त्याची, मागाहून कुरकुर नाही, हे मला मान्य आहे. आईच्या नक्षीच्या खेळाच्या डब्यावर मी पिवळी टिकली लावली. डबा उघडून पाहिला नाही, ही माझी चूक. इथे आल्यावर उघडला तर आत सगळी दातेरी चाकं आहेत, पेन आहेत, टाचण्यांची डबी आहे, पण कडं नाही. चाकाच्या भोकात पेन घालून ते कागदावर टाचलेल्या कड्याच्या आतून फिरवलं तरच फूल उमटतं, आणि कड्याशिवाय ही चाकं म्हणजे कोटाची नुसती बटणं. दुसरं मोठं कडं तुझ्या थोरल्यानं त्यावर बसून मोडलं त्याला पंधरा वर्षं झाली, तेव्हा ते विचारतच नाही. उरलेलं एकुलतं एक कडं तुझ्याकडे आहे, कारण ते चित्राच्या फळीवर टाचलेलं होतं आणि त्या फळीवर तू निळी टिकली लावलीस.

आर्वो, तुला त्या फळीचं काय करायचं आहे? जन्मात तू एक फूल काढलं नाहीस. १९६७ च्या नाताळात तो खेळ आपल्याला आणला होता, आणि तू दोन दिवसांत कंटाळून बाहेर बर्फात गेलास. आईनंच तो उचलला आणि मग सोडला नाही. माझ्या मार्लिसला मार्चमध्ये बाळ होणार. आपल्या घरात बाप्तिस्म्याला आईचं फूल मिळालं नाही असं एकही मूल नाही. तुझ्या तिघांची तुझ्या बोळात टांगलेली आहेत. आईनं या बाळाचं फूल सुरू केलं होतं, ते मी त्या फळीवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते पुरं करून मला माझ्या नातवंडाला द्यायचं आहे. मला दुसरं काही नको. चांदीचे चमचे तुला, लोकर विंचरायचे पंजे तुला. फक्त टाचण्या काढ आणि कडं कागदासकट नीट बांधून पाठव.

तुझ्या डेल्फीनला सांग, तिनं पाठवलेला वेलदोड्याचा पाव एका दिवसात संपला. लोभ आहेच, पण सध्या तो कड्यावर जास्त आहे.

तुझी,
सायमाताई


टोइवोला,
२५ जानेवारी १९९४

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे कमरेइतका बर्फ आहे आणि मी पहाटे तीनला उठतो, म्हणून थोडक्यात लिहितो.

कडं मिळणार नाही.

तुला वाटतं मी हट्टानं करतो. असेल. पण ऐक. ती फळी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती तशीच उचलून मी इथे आणली आहे, गाडीत डेल्फीनच्या मांडीवर ठेवून, ताशी वीस मैलांनी. कड्यातल्या टाचण्या आईनं स्वतः टोचल्या आहेत. शेवटची रेघ जिथे थांबली तिथे तिचा हात थांबला. तुझ्याकडे तिचं सगळं कपड्यांचं कपाट गेलं, माझ्याकडे तिची एवढी एकच गोष्ट आहे जिला अजून कुणी धुतलं नाही, घडी घातली नाही, आवरलं नाही. मी त्या टाचण्या काढणार नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. पुरं करायचं नाही. ते तसंच राहील.

आणि फूल काढण्याबद्दल बोलतेस तर तू तरी किती काढलीस? अठराव्या वर्षी डुलूथला गेलीस. त्यानंतर दर रविवारी फोनवरून आईची सेवा केलीस. तिच्या दारातला बर्फ फोननं निघत नव्हता. दर शनिवारी तिच्या वाफेच्या अंघोळीची सौना मी पेटवत होतो, तिला धरून पायरीवरून उतरवत होतो. हे बोलायचं नव्हतं, पण तू चमच्यांचा विषय काढलास म्हणून बोललो.

दुकानात नवा खेळ मिळतो. घे, बाळाला नवं फूल काढून दे. बाळाला काय कळतंय.

डेल्फीन म्हणते मी फार कडक लिहिलं आहे, वरचं खोडून टाक. मी खोडत नाही, कागद खराब होतो. मार्लिसला सांभाळ. लोभ कमी झालेला नाही, फक्त गोठला आहे.

तुझा,
आर्वो


डुलूथ,
६ फेब्रुवारी १९९४

चि. आर्वो यास,
आशीर्वाद, दात ओठ खाऊन.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा फाडायला घेतलं. फोनवरून सेवा केली हे तू लिहिलंस ते खरंच आहे, म्हणून जास्त झोंबलं. पण एक लक्षात ठेव, बर्फात राबून तुझं काय काय दुखतं ते आई फोनवर मलाच सांगायची आणि माझं दुखणं तिनं तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा कुणी कुणाची किती सेवा केली त्याचं माप काढायला बसू नकोस.

आता तुझ्या शहाणपणाचं फळ ऐक. तू म्हणालास म्हणून मी बाजारात जाऊन नवा खेळ आणला. डबा तसाच, चित्र तसंच. घरी येऊन आईचं चाक नव्या कड्यात ठेवलं तर ते बसतच नाही. दात दाताला लागतो, पण अर्ध्या वाटेत करकरतो आणि चाक उडतं. आमच्या मांजरानं ते दोनदा सोफ्याखाली नेलं. मग नव्या कड्यात नवं चाक घेऊन बसले. सहा कागद वाया घालवले. सातव्याला फूल जमलं, अगदी स्वच्छ, आणि ते पाहून मला रडू आलं, कारण ते कुठल्याही पोरीनं कुठल्याही पावसाळी दुपारी काढलं असतं तसं होतं. मार्लिसला दाखवलं. ती चांगलं आहे म्हणाली. ती किती वाईट खोटं बोलते तुला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र सापडली. आईच्या चाकांपैकी एकाच्या भोकात हिरवी शाई आहे. बाकीची सगळी पुसलेली आहेत, तुला ठाऊकच आहे ती किती घासायची. म्हणजे शेवटचं तेच चाक आणि तेच भोक. पुढे न्यायला लागतं ते सगळं माझ्यापाशी आहे, फक्त कडं तुझ्यापाशी. एका घरी कुलूप, दुसऱ्या घरी किल्ली, आणि मध्ये चार तासांचा बर्फाचा रस्ता.

कडं देत नाहीस तर निदान ते कसं दिसतं ते तरी लिही. किती झालं आहे, किती राहिलं आहे, पाकळ्या कशा आहेत. मी थोडं पाहिलं होतं, पण तेव्हा घरात माणसं होती आणि माझा चष्मा कोटात होता.

मार्लिसचे पाय सुजले आहेत, बाकी बरी आहे. लोभ गोठला म्हणतोस, तर चुलीजवळ ठेव.

तुझी,
सायमाताई


टोइवोला,
१९ फेब्रुवारी १९९४

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

दोन वादळं झाली म्हणून उशीर. एक गाडी खड्ड्यात, ती माझी नव्हती.

तू विचारलंस म्हणून लिहितो, देणार आहे म्हणून नाही. फळी आमच्या मागच्या खोलीत आहे, शिवणाच्या यंत्रावर. डेल्फीन तिच्यावर चादर घालते, कारण मी तिला तिथे झाडू नेऊ देत नाही आणि त्यावरून आमचं रोज वाजतं. तिचं म्हणणं की घरात एक म्हातारा पुरेसा आहे, त्यात आणखी एक समाधी नको.

फूल अर्ध्याहून जास्त झालेलं दिसतं. हिरवं. मधे वाटोळी मोकळी जागा आहे, बशीएवढी नाही, कपाच्या बुडाएवढी. पाकळ्या लांबट आहेत. आईनं या वेळी काहीतरी नवी नक्षी धरलेली असावी, कारण पाकळ्या सारख्या अंतरावर नाहीत. काही ठिकाणी दोन रेघा अगदी चिकटून आहेत, मग फट, मग परत चिकटून. मला ते आवडलं. माझ्या पोरांची फुलं अगदी शिस्तीत आहेत, हे जरा वाऱ्यात हललेल्या गवतासारखं आहे.

नवा खेळ तुला जमला नाही त्याचं वाईट वाटलं. थोडं वाटलं.

पुढच्या शनिवारी मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टींची विक्री आहे चर्चमध्ये, डेल्फीननं मला कांदे चिरायला बसवलं आहे. तेव्हा माझ्याही डोळ्यांतून पाणी येतं म्हणून सांग मार्लिसला.

तुझा,
आर्वो


डुलूथ,
८ मार्च १९९४

चि. आर्वो यास,
आजीचे आशीर्वाद. हो, आजीचे. दोन तारखेला मुलगी झाली. सात पौंडांची, डोक्यावर केस नाहीत, आवाज तुझ्यासारखा. नाव हान्ना ठेवायचं ठरलं आहे. बाप्तिस्मा पंधरा मे रोजी. तू आणि डेल्फीन येणार हे मी धरून चालले आहे, भांडण चालू असलं तरी.

तुझं पत्र इस्पितळात वाचलं. मार्लिस झोपली होती म्हणून मला ओरडता आलं नाही. वाऱ्यात हललेलं गवत! आर्वो, ती नक्षी नाही. ते घसरलं आहे.

तू सव्वीस वर्षं ते टेबल पाहिलंस आणि तुला एवढं कळू नये? चाकाचे दात कड्याच्या दातांत एकामागून एक बसत गेले तर पाकळ्या आपोआप सारख्या पडतात, त्यात माणसाची हुशारी नसते. एक दात सुटला की पाकळी पुढे किंवा मागे सरकते आणि तिथून पुढचं सगळं चुकतं. दोन रेघा चिकटल्या आणि मग फट, म्हणजे दात सुटला. आणि घसरलेल्या कागदाचं आई काय करायची ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पेन ठेवायची, कागद काढायची आणि शनिवारच्या लाकडांखाली सरकवायची. सौनाच्या चुलीत ते कागद तूच पेटवत होतास. पन्नास पाकळ्यांमधली एकोणपन्नासावी घसरली तरी तिनं ते फूल कुणाला दिलं नाही. मी एकदा रडून मागितलं होतं, तरी नाही.

म्हणजे तू निळी टिकली लावून, मांडीवर आणून, चादर घालून जे जपलं आहेस, ती आईची रद्दी आहे. टाकायची राहून गेली एवढंच. लोकांनी पाहिली असती तर तिला लाज वाटली असती. आणि त्यासाठी तू मला गेले दोन महिने कडं दिलं नाहीस!

माझाही मूर्खपणाच. मीही तेच पुरं करायला निघाले होते. पुरं करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता तरी शहाणा हो. टाचण्या काढ, तो कागद तिच्या रीतीनं चुलीत घाल आणि कडं पाठव. मी आईच्या कड्यात, आईच्या चाकानं, हान्नासाठी धड फूल काढते. दोन महिने हातात आहेत.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. कुणी तरी सांगायलाच हवं होतं. लोभ ठेव, आणि टाचण्या जपून ठेव.

तुझी,
सायमाताई


टोइवोला,
२० मार्च १९९४

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

आधी अभिनंदन. मुलीच्या आवाजाबद्दल मला फार आनंद झाला. आम्ही येणार.

आता बाकीचं. तुझं पत्र वाचून मी इतका चिडलो की बाहेर जाऊन गरज नसलेली लाकडं फोडली. रद्दी म्हणालीस. आईचा शेवटचा कागद, आणि रद्दी. शनिवारी सौना पेटवायच्या वेळी मी खरोखर मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, ताई म्हणते तर ताईच्या तोंडावर फेकू एकदाचं. टाचणीला नख लावलं. मग म्हटलं, जाळायच्या आधी तिचं खोटं आहे हे पाहून घेऊ. डेल्फीनचं भिंग घेतलं आणि दिव्याखाली बसलो. सौना थंड झाली, डेल्फीन येऊन दोनदा शिव्या देऊन गेली.

तुझं खरं आहे, ताई. घसरलं आहे. आणि एकदा नाही, सहा-सात ठिकाणी.

पण तुला न दिसलेलं एक सांगतो. जिथे जिथे घसरलं आहे तिथे शाईचा एक बारीक ठिपका आहे. पेन उचलून परत टेकवल्यावर पडतो तसा. म्हणजे फिरवताना दात सुटला नाही. ती थांबली, चाक काढून डब्यात ठेवलं, आणि नंतर केव्हातरी परत बसवलं. परत बसवताना नेमका तोच दात सापडला नाही. आई एका बैठकीत फूल काढायची, कॉफी गार व्हायच्या आत. हे तिनं सहा-सात वेळा उठून बसून काढलं आहे. शेवटच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये तर चारच पाकळ्या आहेत. तेवढंच तिला बसवत होतं.

आणि मला ऑक्टोबर आठवला. सकाळी मी दारातला पाला लोटायला जायचो तर ती आतूनच सांगायची की आज कॉफी तुझ्या घरी पी, मी कामात आहे. मला वाटलं कशावरून तरी माझ्यावर रुसली आहे. मी डेल्फीनपाशी कुरकुर केली की म्हातारीला आता माझं येणंही नको झालं. तिचे हात चालत नाहीत हे मला कळलं नाही. आठवड्यातून चारदा जात होतो, तिला धरून उतरवत होतो, आणि मला कळलं नाही. आणि फोनवरून सेवा केलीस म्हणून तुलाच मी वाट्टेल ते बोललो.

पहिलं घसरलं आहे ते अगदी सुरुवातीला, दहाबारा पाकळ्या झाल्या तेव्हाच. तिला ते दिसलं नसेल असं तू तरी म्हणशील का? तिनं पाहिलं आणि तरी पुढे नेलं. घसरलेला कागद आईनं पुढे नेला, हे तू किंवा मी जन्मात पाहिलेलं नाही. मार्लिसची बातमी तिला सप्टेंबरात कळली होती. दुसरा कागद घ्यावा तर तो पहिल्यापेक्षा बरा होणार नाही, हे तिला कळलं होतं असं मला वाटतं.

तेव्हा तो कागद मी जाळत नाही. पण तसाच ठेवायचा, हेही आता माझ्याच्यानं म्हणवत नाही. तिला पुरं करायचं होतं. एवढ्या कष्टानं करत होती. तू मोठी आहेस, काय करायचं ते तू सांग. मी आठवडाभर नीट जेवलेलो नाही.

तुझा,
आर्वो


डुलूथ,
२९ मार्च १९९४

चि. आर्वो यास,
मनापासून आशीर्वाद.

रद्दी हा शब्द मी परत घेते. मला स्वतःचा इतका राग आला आहे की लिहवत नाही. दर रविवारी मी तिला विचारायची की फूल झालं का, आणि ती म्हणायची की होत आलं आहे. मी पुढच्या रविवारी परत विचारायची. घाई मीच करत होते.

सोबतच्या खोक्यात सगळी चाकं आहेत, कापसात गुंडाळून. हिरव्या शाईचं चाक वेगळ्या रुमालात आहे. आईचा हिरवा पेनही घातला आहे, त्यात थोडी शाई दिसते. मला यायला जमणार नाही. मार्लिसला ताप येऊन गेला आणि बाळ रात्रभर रडतं. आणि जमलं असतं तरी मी आले नसते. माझ्या हातात पेन आला तर मी ते सुधारायला बघेन. मी स्वतःला ओळखते. तू कर.

डाव्या हाताचं बोट कड्यावर ठेव आणि चाकाला बाहेरच्या बाजूनं अलगद दाबून धर. पेन ढकलू नकोस, चाकाच्या मागून त्याला जाऊ दे. बर्फाची गाडी नव्हे ती. शेवटी पेन फिरत फिरत पहिल्या रेघेत येऊन मिळतो, तेव्हा थांबायचं. हाताला ते आपोआप कळतं.

जेव. तुझी,
सायमाताई


टोइवोला,
२४ एप्रिल १९९४

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

हाताला काहीही कळत नाही. तू मला काय सांगितलंस!

आज बसलो, चर्चहून आल्यावर, स्वयंपाकघरात, उजेडात. डेल्फीनला घराबाहेर काढलं. आईच्या शेवटच्या रेघेच्या टोकाला पेन लावायचा आणि चाक कड्यात बसवायचं, एवढंच करायला मला अर्धा तास लागला. पेन टोकावर आला की चाकाचा दात दाताच्या डोक्यावर बसतो. चाक बसवलं की पेन केसभर बाजूला. माझी बोटं म्हणजे फावड्याचे दांडे. घाम आला, शिव्या दिल्या, मग आईच्या कागदासमोर शिव्या दिल्या म्हणून परत स्वतःला दिल्या. तिनं हे इतक्या वेळा कसं केलं असेल, त्या हातांनी? मी तर एकदाच केलं आणि तेही चुकलं. ठिपका पडला.

मग निघालो. तू म्हणालीस तसा अलगद. सात-आठ पाकळ्या बऱ्या गेल्या, मला वाटलं अरे, हे तर जमतं आहे, आणि तेवढ्यात चाक उडून साखरेच्या भांड्यावर आदळलं. परत बसवलं. परत ठिपका. पुढे आणखी दोनदा.

आणि पेन पहिल्या रेघेत येऊन मिळतो म्हणालीस, तो येत नाही! मी वाट बघत फिरवत राहिलो. आता मिळेल, आता मिळेल. तो सुरुवातीच्या जागेच्या अगदी शेजारून गेला, केसाइतकं अंतर ठेवून, आणि परत फेरीला लागला. इतक्या वेळा दात सुटल्यावर ते मिळणारच नव्हतं, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. का मुद्दाम सांगितलं नाहीस? मग थांबायचं कुठे? मी खरंच विचारतो आहे. आईला तरी ठाऊक होतं का कुठे थांबायचं? मी आणखी एक फेरी घातली, कागद काही ठिकाणी खरखरायला लागला, आणि एका पाकळीच्या ऐन मध्यावर पेनातली शाई संपली. झटकला, फुंकला, जिभेला लावला. जीभ हिरवी झाली, पेन काही चालला नाही. शेवटची पाकळी तशीच उघडी आहे.

टाचण्या मीच काढल्या. वाटलं होतं त्यापेक्षा सहज निघाल्या.

कागद दोन पुठ्ठ्यांत घालून गाडीत घेऊन येतो. कडंही आणतो, ते तुला ठेव. वाईट दिसलं तर मला सांगू नकोस, मार्लिसलाच बघू दे. लोभ वितळला आहे, सगळीकडे चिखल झाला आहे.

तुझा,
आर्वो


डुलूथ,
२२ मे १९९४

चि. आर्वो यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही निघालात त्याला आठवडा झाला तरी जिन्यात डेल्फीनच्या पावाचा वास आहे. हान्ना आता हसते. तू मांडीवर घेतलंस तेव्हा नेमकी झोपली होती, ते तिचं नशीब.

फूल चौकटीत घालून पाळण्यावर लावलं आहे. मार्लिस रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते. काल तिनं मला विचारलं की यातलं मम्मूनं, म्हणजे तिच्या आजीनं, काढलेलं कुठपर्यंत आहे आणि मामानं काढलेलं कुठून आहे, ते तिला हान्नाला पुढे सांगायचं आहे. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता दाखवते. घसरलेला दात मी खोलीच्या दारातून ओळखते, तुला ठाऊक आहे. आईच्या नजरेखाली शिकले आहे.

दाखवता आलं नाही. चष्मा लावला. चौकट खाली काढून खिडकीपाशी नेली, भिंग घेतलं. ठिपके मोजले तर जिथे हवेत तिथे आहेत, पण आईचा ठिपका कुठला आणि तुझा कुठला? तीच शाई, तेच चाक, तशाच घसरलेल्या पाकळ्या, आणि सगळ्या एकमेकींवरून गेलेल्या. मार्लिस बाजूला उभी, आणि मी म्हातारी नाक कागदाला लावून तासभर शोधत होते. शेवटी मला इतका संताप आला की मी चौकट तिच्या हातात दिली आणि भांडी घासायला गेले.

तेव्हा तू सांग. तू स्वतः काढलं आहेस, तुला माहीत असणारच. इथे एक पातळ कागद जोडते आहे, वर्तुळ आखून, वरचा भाग कुठला ते लिहून. त्यावर फक्त एक बारीक खूण कर, आईची शेवटची रेघ कुठे थांबली तिथे, आणि उलट टपालानं पाठव. या वेळी दोन महिने लावू नकोस.

बाकी लोभ काय, तुला वेगळा सांगायला नको.

तुझी,
सायमाताई


टोइवोला,
३० मे १९९४

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

पातळ कागद कोराच परत पाठवतो आहे. रागावू नकोस.

बाप्तिस्म्यानंतर चर्चच्या दालनात कॉफीचा पेला धरून मी त्या चौकटीसमोर इतका वेळ का उभा होतो म्हणून तू दोनदा विचारलंस, आणि मी केक चांगला आहे म्हणालो. आईची रेघ थांबते तीच जागा मी शोधत होतो. टाचण्या काढल्या त्या संध्याकाळीच ती हरवली होती, पण म्हटलं, ताईला कळेल, ती बोट ठेवून दाखवेल. म्हणून मी तुझ्याकडे बघत होतो.

तुझा,
आर्वो